वेठबिगारीचा कागद पक्का कसा करायचा

दिवाळीच्या आगेमागे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत गोडी छाटणी सुरू होते आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरून माणसं खाली उतरतात. बहुतेकांचा व्यवहार सरळ असतो: रोज ठरतो, काम होतं, हिशेब मिटतो. काहींचा मिटत नाही. उचल फिटतच नाही, शेठ गावी जाऊ देत नाही, मुकादम फोन काढून घेतो. वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या टोळीत, मेंढ्यांच्या वाड्यावर तऱ्हा निराळी, गाठ तीच. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं मेंढपाळांकडे राबायला ठेवल्याचं उघड झालं, तेही एका लहान मुलीचा जीव गेल्यावर.

अशी प्रकरणं पुढे बारगळतात ती बहुतेक वेळा कागदावर. तुम्ही लिहिलेलं शेवटी वाचणार उपविभागीय अधिकारी किंवा न्यायाधीश. त्याने ती भट्टी पाहिलेली नसते, त्या माणसांना तो ओळखत नसतो आणि तुमच्यावर विश्वास ठेवायला त्याला काही कारण नसतं. वहीतलं प्रत्येक वाक्य त्याला तुमच्या मदतीशिवाय पडताळता आलं पाहिजे, या हिशेबाने नोंद करायची. पुढचं सगळं कार्यकर्ते, वकील, आश्रमशाळेतले शिक्षक आणि अडकलेल्या कुटुंबातली शिकलेली पोरं यांच्यासाठी आहे.

आधी ठरवा, दाखवायचं काय

१९७६ चा वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायदा पायात बेडी मागत नाही. कलम २ प्रमाणे दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे घेतलेली उचल, किंवा वाडवडिलांपासूनची बांधिलकी, किंवा जातीमुळे अंगावर आलेलं काम. दुसरी, त्यापायी गमावलेली मोकळीक: फुकट किंवा नाममात्र पैशांत काम करावं लागणं, दुसरीकडे कामाला जाता न येणं, हिंडता-फिरता न येणं, किंवा आपला माल-मेहनत बाजारभावाने विकता न येणं. या चारांपैकी एक पुरे. ‘मारहाण नाही, कोंडून ठेवलेलं नाही, मग वेठबिगारी कसली?’ हा प्रश्न कचेरीत हमखास येतो, म्हणून अर्जात पहिल्याच परिच्छेदात चारांपैकी कोणती मोकळीक गेली ते नेमकं लिहा.

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणं म्हणजे घटनेच्या कलम २३ खालचं सक्तीचं काम. १९८३ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा निकालाने आणखी पुढे जाऊन म्हटलं की सक्तीचं काम दिसलं तर त्यामागे उचल आहे असं गृहीत धरायचं, नाही म्हणणाऱ्या मालकाने ते खोडून दाखवायचं. कायद्याचं कलम १५ देखील कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर टाकतं. तेव्हा मजुराकडे उचलीची चिठ्ठी नाही म्हणून परत फिरू नका. ती त्याच्याकडे कधीच नसते.

बोलायला बसण्याआधी

संमती एकदाच आणि घाऊक घेऊ नका. तीन वेगळे प्रश्न विचारा आणि तीन वेगळी उत्तरं लिहा. तुमचं म्हणणं मी माझ्या वहीत लिहू का? तुमच्या नावानिशी साहेबांकडे देऊ का? पेपरात किंवा मोबाइलवर कुणाला दाखवू का? पहिल्याला हो म्हणणारा माणूस तिसऱ्याला बहुतेक वेळा नाही म्हणतो, आणि ते शहाणपणाचं असतं. अर्ज जाईपर्यंत ‘नको’ म्हणता येईल, हेही सांगा.

लहान मुलांचा प्रश्न असेल तर एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करावी लागते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोक्सो कायद्याच्या कलम १९ खाली ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तुम्ही देऊच शकत नाही, म्हणून देऊ नका. मुलाला पुन्हा पुन्हा तीच कहाणी सांगायला लावू नका. कोण, कुठे, आत्ता सुरक्षित आहे का, एवढं कळलं की १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीला फोन करा. पुढची सविस्तर विचारपूस बाल कल्याण समितीसमोर प्रशिक्षित माणसाने करायची. तिसऱ्यांदा सांगताना मूल तपशील बदलतं आणि उलटतपासणीत नेमकं तेच पकडलं जातं. मुलाचं नाव, शाळा, फोटो कुठेही फिरवायला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं. गावच्या ग्रुपवर टाकलेला फोटोही त्यात आला.

वहीत नावांऐवजी खुणा वापरा: क-१, क-२. कोणती खूण कुणाची, तो कागद दुसऱ्या घरी, दुसऱ्या माणसाकडे. फोनमधले फोटो आपोआप क्लाउडवर चढत असतील आणि ते खातं घरातल्या चौघांच्या फोनवर उघडं असेल, तर ते आधी बंद करा.

विचारायचं कसं, लिहायचं कसं

मालकाच्या शेडमध्ये, मुकादमाच्या देखत, किंवा सगळ्या टोळीला एकत्र बसवून विचारू नका. टोळीत पहिला जे बोलतो तेच बाकीचे बोलतात, आणि सहा जबाब शब्दाला शब्द सारखे निघाले की ते पढवलेले ठरतात. एकेकाला वेगळं, शक्यतो आठवडे बाजाराच्या दिवशी किंवा गावी आल्यावर भेटा. बाईशी बोलायला बाई असावी.

पहिला प्रश्न मोकळा: ‘कामाला कसे गेलात, सुरुवातीपासून सांगा.’ मध्ये तोडू नका. ‘शेठने कोंडून ठेवलं ना?’ असा प्रश्न विचारलात की मिळालेलं ‘हो’ तुमचं असतं, त्याचं नाही. सांगून झालं की मागे जाऊन एकेक जागा भरा: किती वाजता उठवत, रात्री दाराला कडी कोण लावे, बाजाराला कोण सोबत येई, गावी मयत झाली तेव्हा जाऊ दिलं का. गावच्या मयतीला जाऊ दिलं नाही, या एका उत्तराने हिंडण्या-फिरण्याची मोकळीक गेल्याचं जितकं दिसतं तितकं पानभर वर्णनाने दिसत नाही.

बोली कोकणा असो, कातकरी असो की भिली, मुख्य वाक्य ज्या शब्दांत आलं त्याच शब्दांत देवनागरीत लिहा आणि खाली प्रमाण मराठी करा. मध्ये दुभाषा असेल तर त्याचं नाव नोंदवा. ‘त्यानं दांडक्यानं पाठीवं दोनदा हाणलं’ याचं ‘मजुरास अमानुष मारहाण करण्यात आली’ असं करू नका. पहिल्या वाक्यात हत्यार आहे, जागा आहे, संख्या आहे. दुसऱ्यात काहीच नाही, शिवाय कुणी मारलं तेही गायब झालंय. सरकारी मराठीची ही सवय पोलीस ठाण्यात लागतेच, निदान आपल्या वहीला लागू देऊ नका.

पानावर उभ्या रेघा मारून तीन रकाने करा: पाहिलं, ऐकलं, वाटलं. ‘क-१ च्या डाव्या दंडावर निळसर वळ’ पहिल्यात. ‘वळ मुकादमाच्या पट्ट्याचा, असं क-१ सांगतो’ दुसऱ्यात. ‘बाकीचे घाबरून गप्प असावेत’ तिसऱ्यात, आणि तिसरा रकाना अर्जात जात नाही. खाडाखोड करायची झाली तर एकच रेघ मारून बाजूला सही करा. पांढरी शाई नको, पान फाडणं तर नकोच. बांधीव, पानांना आकडे असलेली वही सुट्या कागदांपेक्षा बरी.

तारखा विचारून मिळत नाहीत. सण, बाजार, पीक यांवरून मिळतात. ‘पोळ्याआधी की नंतर?’ ‘आखाजीला घरी होतात?’ ‘त्र्यंबकच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेला गेला होतात का?’ ‘सप्तशृंगगडाच्या चैत्री यात्रेच्या वेळी कुठे होतात?’ ‘बोहाडा पाहिलात?’ ‘गेलात तेव्हा गोडी छाटणी होती की एप्रिलची खरड?’ दोन बाजूंनी खुंट्या मिळाल्या की पंचांग उघडून तारीख काढा, आणि लिहिताना ‘पोळ्यानंतरचा पहिला बाजार, म्हणजे अमुक तारखेच्या सुमारास’ असंच लिहा. साक्षीदाराने न सांगितलेली पक्की तारीख त्याच्या तोंडी घातलीत तर कोर्टात तो ती सांगू शकणार नाही.

हिशेबाचं पान

सगळ्या फाइलीत जास्तीत जास्त वजन या एका पानाला असतं, आणि तेच बहुतेक अर्जांत नसतं. समजा नवरा-बायकोने २५,००० रुपये उचल घेतली, १५० दिवस काम केलं आणि दर आठवड्याला दोघांत मिळून ७०० रुपये खर्ची मिळाली. २१ आठवड्यांची खर्ची १४,७०० रुपये. हातात आलेले एकूण ३९,७००. काम दोघांचं, म्हणजे ३०० रोज. भागाकार केला की माणशी रोज १३२ रुपये. याच्या शेजारी त्या कामाचं त्या तारखेला लागू असलेलं किमान वेतन कामगार कार्यालयातून घेऊन लिहा आणि त्याखाली मजूर नाक्यावरचा त्या हंगामातला रोज. मग शेठ अजून किती बाकी सांगतो ते. राबलेले दिवस आणि सांगितलेली बाकी एका पानावर आली की वेगळं विशेषण लागत नाही.

कामाचे तास विसरू नका. मुलं हाताखाली राबत असतील तर त्यांचे रोज वेगळे मांडा. दवाखान्याचा खर्च, मोडलेलं हत्यार, ‘खाडा’ म्हणून कापलेले पैसे, उचलीवरचं व्याज हे सगळं वेगळ्या ओळींत हवं.

आता या हिशेबाला टेकू. मजुराकडे कागद नसला तरी त्याच्याभोवती कागद असतो. रेशनच्या पॉस मशीनवर कोणत्या महिन्यात अंगठा लागला नाही, आश्रमशाळेच्या हजेरीत मुलं कोणत्या तारखेपासून गैरहजर, अंगणवाडीच्या वहीत बाळाचं नाव कधीपासून कोरं. एसटीची तिकिटं, फोनच्या रिचार्जचे मेसेज, फोनपेवर आलेली खर्ची. मुकादमाच्या डायरीचं पान हाती लागलं तर पुढून-मागून आणि वहीच्या पुठ्ठ्यासकट फोटो घ्या. ती डायरी उचलून आणू नका, नाहीतर चोरीचा गुन्हा तुमच्यावर. जागेचा मालक कोण, यावर नंतर कायम वाद होतो. गावाचं नाव आणि गट क्रमांक घेऊन सातबारा ऑनलाइन काढा, सोबत हाताने नकाशा काढा: रस्ता, विहीर, शेड, राहण्याची खोपटी, अंतरं पावलांत.

फोन आणि फोटो

फोनचं घड्याळ ‘आपोआप’वर आहे ना ते आधी पाहा. फोटो सार्वजनिक रस्त्यावरून किंवा मजुरांच्या स्वतःच्या खोपटीतून घ्या. आधी लांबून, मग मधून, मग जवळून. ओळखीची खूण, म्हणजे पाटी, टाकी, विजेचा खांब, निदान एका फोटोत हवी. तारीख-ठिकाण छापणारं अ‍ॅप वापरलंत तर साधा फोटोही वेगळा काढा, कारण छापलेला फोटो हा बदललेला फोटो असतो.

सगळ्यात जास्त पुरावा खराब होतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर. नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि आतली तारीख, जागा, फोनची माहिती निघून जाते. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. प्रकरण संपेपर्यंत तो फोन विकू नका, रिसेट करू नका. त्याच दिवशी दोन पेनड्राइव्हवर प्रत घ्या आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा.

प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा म्हणता येईल असा संगणकी आकडा, काढा. एसएचए-२५६ ने ६४ अक्षर-अंकांची ओळ मिळते. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी सगळी ओळ बदलते. ही ओळ, फाइलचं नाव, वेळ, फोनचं मॉडेल आणि आयएमईआय (त्या फोनचा स्वतःचा क्रमांक) वहीत लिहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्याच्या नमुन्यात हॅश विचारलेला आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, पहिला फोन ज्याच्या ताब्यात होता त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. दोन वर्षांनी फोन हरवल्यावर हे आठवून उपयोग नसतो.

अंगावर मार असेल तर आधी दवाखाना, मग फोटो. ग्रामीण रुग्णालय असो की नाशिकचं जिल्हा रुग्णालय, ‘मारहाणीची केस आहे, एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) नोंदवा’ असं स्पष्ट म्हणा. नाहीतर ‘पडून लागलं’ असं लिहिलं जातं. कुणी, कशाने, कधी मारलं हे पेशंटच्या शब्दांत लिहून घ्यायला सांगा, एमएलसी क्रमांक आणि केसपेपरची प्रत घ्या. फोटोत जखमेशेजारी शाळेची १५ सेंटिमीटरची पट्टी ठेवा, कॅमेरा समोर सरळ धरा, फ्लॅशऐवजी खिडकीचा उजेड वापरा. सावळ्या कातडीवर वळ पहिल्या दिवशी नीट दिसत नाही, म्हणून दोन-तीन दिवसांनी त्याच जागेचा फोटो पुन्हा काढा. वळाच्या रंगावरून ‘चार दिवसांपूर्वीचा’ असं तुम्ही लिहू नका. रंगावरून दिवस मोजणं डॉक्टरांनाही खात्रीने जमत नाही.

सोडवायला स्वतः जाऊ नका

जीप करून रात्री माणसं काढून आणायचा मोह होतो. आणलीत तर मालक पळवून नेल्याची तक्रार करतो, उचल बुडवल्याची दुसरी करतो, आणि मुख्य म्हणजे मुक्तता प्रमाणपत्र, म्हणजे माणूस वेठीतून सुटल्याचा सरकारी दाखला, अडतं. अधिकाऱ्याने माणसं जागेवर पाहिलेलीच नसतात. जिवाला धोका असेल तर ११२ ला फोन करा आणि केल्याची वेळ लिहा. एरवी जिल्हाधिकारी आणि त्या तालुक्याचे उपविभागीय अधिकारी यांच्याकडे अर्ज द्या. कायद्याच्या कलम १३ खाली जिल्ह्याला आणि प्रत्येक उपविभागाला दक्षता समिती असते, अर्जाची प्रत तिलाही.

अर्ज दोन पानांचा, बाकी सगळं जोडपत्रांत. कोण, कुठे (गट क्रमांकासह), केव्हापासून, उचल किती, कोणती मोकळीक गेली, आत्ता किती माणसं आणि किती मुलं तिथे आहेत, काय मागणी: तातडीने चौकशी, जबाब मालकापासून दूर नेऊन घेणं, मुक्तता प्रमाणपत्र, मजुरीची थकबाकी. कलम ६ प्रमाणे वेठीचं कर्ज संपलेलं असतं, म्हणून ‘आधी उचल फेडा’ अशी तडजोड कुणी सुचवली तर ती कुणी, कधी सुचवली तेही टिपा. माणूस सुरगाण्याचा आणि काम गुजरातेत असेल तर प्रमाणपत्र जिथे राबवलं तिथल्या जिल्ह्याने द्यायचं असतं, पुनर्वसन घरच्या जिल्ह्यात.

पुनर्वसनाच्या केंद्रीय योजनेत तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत आहे आणि ती खटल्याची वाट पाहत नाही. पुढची रक्कम पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख, आणि तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या प्रकरणांत ३ लाख. हिचा संबंध दोषसिद्धीशी जोडलेला आहे, म्हणून पोलिसांकडचा कागदही तितकाच पक्का हवा.

नाशिकमध्ये पोलिसांची हद्द दोन ठिकाणी फुटते. आडगाव, म्हसरूळ शहर आयुक्तालयाकडे, पलीकडचं ओझर, दिंडोरी ग्रामीण अधीक्षकांकडे, आणि बागा दोन्हीकडे. ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हटलं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदवून घेतलाच नाही तर तक्रार लेखी, स्पीड पोस्टाने अधीक्षक किंवा आयुक्तांकडे, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. मजूर आदिवासी किंवा अनुसूचित जातीचे आणि मालक त्याबाहेरचा असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं वेठबिगारीबद्दलचं कलम ३(१)(ज) तक्रारीत लिहा. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि कलम १८-अ मुळे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नसते. मुलं असतील तर मुलांना राबवण्याबद्दलचं बाल न्याय कायद्याचं कलम ७९ सोबत. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००.

पोच

प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. लिपिक ‘साहेब आल्यावर’ म्हणाला तर त्याच दिवशी तोच अर्ज ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा. ‘साहेबांना भेटलो, बघतो म्हणाले’ याला फाइलीत काही किंमत नाही. भेटीनंतर घरी येऊन ‘आज अमुक वाजता आपण असं सांगितलंत’ असा दोन ओळींचा ईमेल केला की त्याच भेटीचा कागद होतो.

मानवी हक्क आयोग मालकाची नाही, सरकारी माणसाची तपासणी करतो: त्याने केलेला हक्कभंग, किंवा होत असताना न रोखण्यातली हयगय. म्हणून आयोगाकडच्या तक्रारीत भट्टीचं वर्णन थोडक्यात आणि पोचेच्या तारखा सविस्तर. अर्ज कधी दिला, आठवण कधी दिली, चौकशी कधी झाली नाही. फी नाही. मुदत घटनेपासून एक वर्ष. मुंबईचा राज्य आयोग किंवा दिल्लीचा राष्ट्रीय आयोग, दोन्हींपैकी एकच निवडा, एकाकडे चालू असलेलं प्रकरण दुसरा घेत नाही.

दरम्यान माहिती अधिकारात, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, उपविभागीय कार्यालयाकडून दक्षता समितीच्या मागच्या तीन वर्षांतल्या बैठकांची इतिवृत्तं मागा. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, म्हणून मुक्तता प्रमाणपत्रांची संख्या वेगळ्या अर्जात. अडकलेल्या माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर पहिल्याच ओळीत तसं लिहा, तिथे मुदत ३० दिवस नाही, ४८ तास आहे. बैठकच झालेली नसेल तर उत्तर ‘निरंक’, म्हणजे काहीच नाही, असं येतं. तो कागद आयोगाच्या तक्रारीला पहिलं जोडपत्र म्हणून लावा.